दोर कापू नका!

धायरीच्या उंचवट्यावरून पाहणाऱ्याला दोन गोष्टी सहज दिसतात. एका बाजूला सिंहगडाची कड. दुसऱ्या बाजूला कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे धावत येणारा महामार्गाचा उतार. पहिली गोष्ट इतिहासाची, दुसरी रोजच्या जिवाची. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री या उतारावरून आलेल्या एका मालमोटारीने डझनावारी वाहने चिरडली. १३ नोव्हेंबर २०२५ रोजी याच परिसरात अवजड वाहनाच्या धडकेनंतर आगीचा लोळ उठला आणि आठ जणांचा बळी गेला. प्रत्येक वेळी दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत ठरलेले शब्द उमटले : ‘ब्रेक निकामी झाले’, ‘ताबा सुटला’. जणू ब्रेक स्वतःच्या मर्जीने निकामी होतात आणि ताबा कोणाच्याही हातून न सुटता आपोआप सुटतो!

धायरी-नऱ्ह्याच्या रहिवाशांना या शब्दांतील लबाडी एव्हाना कळून चुकली आहे. ब्रेक निकामी होतो तो पायथ्याशी. परंतु त्याची सुरुवात बोगद्याच्या तोंडाशीच झालेली असते. क्षमतेहून अधिक लादलेला माल, इंधन वाचवण्यासाठी उतारावर गिअर काढून सोडलेली गाडी, वेळेवर न झालेली तपासणी, आणि वर्षानुवर्षे केवळ फलक लावून कर्तव्यपूर्तीचे समाधान मानणारे प्रशासन या सर्वांची बेरीज पायथ्याशी होते. अपघात तिथे घडत नाही. तिथे तो फक्त दिसतो.

हीच लबाडी आता विमानाच्या बाबतीत रूढ झाली आहे. ‘विमान धावपट्टीवरून घसरले’ ही बातमी वर्षातून अनेकदा येते. छोटे विमान असले आणि जीवितहानी टळली असली, तर आतल्या पानावर चार ओळी. ‘सुदैवाने’ हा शब्द हमखास असतो. त्यानंतर चौकशीचा आदेश, आणि मग विस्मरण. विमान घसरत नाही, ते घसरू दिले जाते, ही साधी गोष्ट कोणी उच्चारीत नाही.

घसरण्याचे गणित

विमान उतरताना धावपट्टीच्या बाजूला जाणे किंवा तिचे टोक ओलांडून पलीकडे जाणे, या दोन्ही प्रकारांना विमानशास्त्र एकाच वर्गात मोजते. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने आपल्या जागतिक सुरक्षा आराखड्यात सर्वाधिक जोखमीचे जे पाच अपघात-प्रकार निवडले आहेत, त्यांत याचा समावेश आहे. २०२१ मध्ये तर केवळ याच एका प्रकाराला आळा घालण्यासाठी स्वतंत्र जागतिक कृती आराखडा प्रसिद्ध झाला. ज्या गोष्टीला जग एवढे गंभीर मानते, ती येथे ‘किरकोळ घटना’ ठरते!

यामागचे गणित शाळकरी मुलालाही समजेल असे आहे. गतिमान वस्तूची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. साठ नॉट, म्हणजे ताशी सुमारे एकशे अकरा किलोमीटर वेगाने टेकावयाचे प्रशिक्षण विमान सत्तर नॉटने टेकले, तर वेग सहाव्या हिश्शाने वाढतो. परंतु जिरवावयाची ऊर्जा छत्तीस टक्क्यांनी वाढते. दहा नॉटचा वारा समोरून असेल तर हेच साठ नॉटचे विमान जमिनीच्या तुलनेत पन्नास नॉटने टेकते; तोच वारा पाठीमागून असेल तर सत्तरने. ही ऊर्जा जवळजवळ दुप्पट. धावपट्टी मात्र तेवढीच राहते. नेहमीच्या तीन अंशांच्या उतरंडीवर विमान धावपट्टीच्या आरंभी दहा फूट अधिक उंच असले, तर ते सुमारे दोनशे फूट पुढे जाऊन टेकते. त्यात पावसाचे पाणी साचलेले असले, तर चाक जमिनीवर नव्हे, पाण्याच्या पातळ थरावर तरंगू लागते आणि ब्रेकचे पॅडल केवळ पायाखालची एक निरुपयोगी पट्टी ठरते.

म्हणजे धावपट्टीच्या टोकाशी जे घडते त्याची बीजे टोकाशी नसतात. ती दीड-दोन मिनिटे आधी, आकाशात, पाचशे-हजार फुटांवर पेरलेली असतात. वेग जास्त, उंची जास्त, वारा पाठीमागून, दिसणे धूसर, अशा अवस्थेत वैमानिकाने एकच गोष्ट करावयाची असते : इंजिनाला पुन्हा जोर देऊन वर निघून जायचे, एक फेरी मारायची आणि नव्याने यायचे. यालाच ‘गो-अराउंड’ म्हणतात. वैमानिकाच्या हाती असलेले हे सर्वांत स्वस्त, सर्वांत जुने आणि सर्वांत खात्रीचे सुरक्षा-साधन आहे. त्याला आयात करावी लागणारी यंत्रसामग्री लागत नाही. लागतो तो फक्त निर्णय.

आणि नेमका तोच घेतला जात नाही. फ्लाइट सेफ्टी फाउंडेशन या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या अभ्यासानुसार, उतरंड बिघडलेल्या शंभर प्रसंगांपैकी सुमारे सत्त्याण्णव वेळा वैमानिक फेरी न मारता तसेच उतरतात. हा प्रश्न यंत्राचा नाही, हवामानाचाही नाही. हा माणसाच्या मनाचा आणि त्या मनाला घडवणाऱ्या संस्थांचा प्रश्न आहे.

गौरव आणि सत्य

धायरीपासून काही मैलांवर, खडकवासल्याच्या जलाशयाकाठी राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी उभी आहे. १९५५ मध्ये तिचे उद्घाटन झाले तेव्हापासून या संस्थेने देशाला किती सेनानी दिले, हे पुणेकरांना सांगण्याची आवश्यकता नाही. त्याच प्रबोधिनीतून घडलेले, पुढे हवाई दलाच्या प्रशिक्षणात मानाची तलवार मिळवणारे कॅप्टन दीपक साठे ७ ऑगस्ट २०२० रोजी दुबईहून आलेले विमान घेऊन कोळीकोडला उतरत होते. मुसळधार पाऊस होता. पहिला प्रयत्न त्यांनी सोडून दिला. दुसऱ्या प्रयत्नात, पाठीमागून वारा असताना, विमान ८,८५८ फुटांच्या धावपट्टीवर तब्बल ४,४३८ फूट पुढे जाऊन टेकले, टोक ओलांडून पठाराच्या कडेवरून खाली कोसळले आणि एकवीस जणांचे प्राण गेले. त्यांत कॅप्टन साठे आणि त्यांचे सहवैमानिकही होते.

त्यानंतर आठवडाभर समाजात दोन तट पडले. एका तटाने कॅप्टन साठे यांना अशा गोष्टींचे श्रेय दिले, ज्यांची शहानिशा कोणी केली नव्हती. दुसऱ्या तटाने चौकशी सुरू होण्यापूर्वीच ‘वैमानिकाची चूक’ असा निकाल देऊन टाकला. दोन्ही तटांना सत्याची गरज वाटली नाही. एकाला मूर्ती हवी होती, दुसऱ्याला गुन्हेगार.

२०२१ मध्ये विमान अपघात अन्वेषण विभागाचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्याने दोन्ही तटांची पंचाईत केली. उतरंड बिघडलेली असतानाही ती चालू ठेवली गेली, सहवैमानिकाने ‘गो-अराउंड’ असे म्हटल्यानंतरही विमान उतरवले गेले, हे अहवालाने स्पष्ट नोंदवले. परंतु तेवढ्यावर तो थांबला नाही. कॅप्टनसमोरील काचेचा वायपर नीट चालत नव्हता. त्या तळावर कॅप्टनांची संख्या अपुरी होती. दुसऱ्या दिवशी सकाळचे उड्डाणही त्यांनाच करावयाचे होते. म्हणून दुसरीकडे न जाता तेथेच उतरण्याची मानसिक ओढ निर्माण झाली, हेही त्याने मांडले. म्हणजे ती चूक एका माणसाच्या हातून घडली, परंतु ती एका माणसाची नव्हती. वेळापत्रक आखणारा, तळावर पुरेसे वैमानिक न ठेवणारा, दुरुस्तीची नोंद पुढे ढकलणारा असे सारे त्या कॉकपिटमध्ये अदृश्य रूपाने बसले होते.

हे वाचून कॅप्टन साठे यांचा सन्मान कमी होतो काय? मुळीच नाही. देशासाठी दोन दशकांहून अधिक काळ हवाई दलात घालवलेल्या माणसाचे ऋण एका अहवालाने फिटत नाही. परंतु ज्या समाजाला वीराची पूजा करता येते आणि त्याच्या अखेरच्या उड्डाणापासून शिकता मात्र येत नाही, तो समाज वीराचाच अवमान करतो. हार घालून भिंतीवर टांगलेली तसबीर कोणत्याही नवशिक्या वैमानिकाला वाचवत नाही. अहवालातील एक पान, वर्गात मोठ्याने वाचले गेले, तर वाचवू शकते. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी ‘विज्ञाननिष्ठ निबंध’ लिहिले ते असल्याच भाबडेपणाच्या विरोधात. यंत्र भक्तिभावाने चालत नाही, नियमाने चालते, हे त्यांचे सांगणे ज्यांनी शिरोधार्य मानले, त्यांनी तरी अपघाताची मीमांसा आरतीच्या ताटात घालू नये.

सिंहगडाचा दुसरा धडा

या ठिकाणी एक आक्षेप येईल. मराठी मनाला माघार रुचत नाही. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी पडल्यानंतर मावळे माघारी फिरू लागले, तेव्हा ‘दोर कापले आहेत’ असे सूर्याजीने बजावले, ही कथा महाराष्ट्रातील प्रत्येक मूल ऐकत वाढते. धायरीच्या घराघरातून दिसणारा तो गड हीच शिकवण देत उभा आहे, असे मानले जाते. मग उतरायला निघालेल्या वैमानिकाने फिरून वर जावे, ही शिकवण या मातीत रुजणार कशी?

उत्तर त्याच गडाकडे आहे. कोंढाणा १६७० मध्ये जिंकावा लागला, कारण १६६५ मध्ये पुरंदरच्या तहात तो देऊन टाकला होता. एकच नव्हे, तेवीस किल्ले. त्या दिवशी ‘दोर कापून’ लढण्याचा हट्ट शिवछत्रपतींनी धरला असता, तर १६७० ची ती रात्र आणि १६७४ चा राज्याभिषेक, दोन्ही घडले नसते. वेळ प्रतिकूल आहे हे ओळखून त्यांनी फेरी मारली, आग्र्याच्या सापळ्यातून सुटले, बळ जमवले आणि पुन्हा आले. गड तोच होता. येण्याची रीत नवी होती. सूर्याजीचा क्षण हा लढाईतील अपवादाचा क्षण होता. महाराजांचे धोरण हा नियम होता. मराठी समाजाने अपवाद पाठ केला आणि नियम विसरला.

वैमानिकाच्या शेवटच्या दोन मिनिटांत नेमकी हीच विस्मृती जीव घेते. ‘इतके जवळ आलो आहोत, आता टेकवूच’ असे मन म्हणते. मागे बसलेले प्रवासी महत्त्वाचे आहेत, सभा खोळंबली आहे, इंधनाचा हिशेब द्यावा लागेल, पुन्हा फेरी मारली तर लोक हसतील. एकेक दोर कापला जातो. आणि शेवटी धावपट्टी संपते तेव्हा परतीचा एकही दोर शिल्लक नसतो. विमानात दोर कापणे हे शौर्य नव्हे. दोर शाबूत ठेवणे हेच कौशल्य.

शिस्त म्हणजे मौन नव्हे

२२ मे २०१० रोजी मंगळुरूच्या पठारावरील धावपट्टीवर जे घडले, ते प्रत्येक कार्यकर्त्याने लक्षपूर्वक वाचावे असे आहे. सुमारे आठ हजार फुटांच्या धावपट्टीवर विमान सुमारे ५,२०० फूट पुढे टेकले आणि दरीत गेले. एकशे अठ्ठावन्न माणसे मृत्युमुखी पडली, आठ वाचली. सहवैमानिकाने एकदा नव्हे, तीनदा गो-अराउंडची सूचना केली होती. कॅप्टनने ती मानली नाही. मंगळुरूत आणि कोळीकोडला दहा वर्षांच्या अंतराने कनिष्ठाचा आवाज उठला, आणि दोन्हीकडे तो ज्येष्ठत्वाच्या भिंतीवर आपटून विरला.

शिस्तीची थोरवी गाणाऱ्या संघटनांनी या दोन घटनांवर थांबून विचार करणे अगत्याचे आहे. संचलनात पाऊल चुकले तर शेजारचा स्वयंसेवक हलकेच सुचवतो. त्यात कोणी अपमान मानीत नाही. शिस्त म्हणजे वरिष्ठ म्हणेल ते निमूट पाहत राहणे, असा अर्थ कोणी करीत असेल तर त्याने शिस्तीचे केवळ कवायतीचे रूप पाहिले आहे. खरी शिस्त नियमाला बांधलेली असते, व्यक्तीला नव्हे. ज्या व्यवस्थेत सर्वांत कनिष्ठ माणूस ‘थांबा’ म्हणू शकतो आणि सर्वांत ज्येष्ठ माणूस ते ऐकून थांबतो, तीच व्यवस्था शिस्तबद्ध. बाकी सर्व केवळ गणवेश. आणि ही गोष्ट कॉकपिटपुरती नाही. कारखाना, रुग्णालय, शाळा, शाखा आणि घर या सर्वांना ती लागू आहे. घरात ज्या मुलाला ‘मोठ्यांना उलट बोलू नये’ एवढेच शिकवले गेले, त्याच्याकडून तिसाव्या वर्षी कॅप्टनच्या हातातील लीव्हर पुढे ढकलण्याची अपेक्षा कशी करावयाची?

‘लहान’ विमानांचे मोठे प्रश्न

हे सारे मोठ्या विमानांचे झाले, असे म्हणून कोणी सुटका करून घेऊ नये. १४ सप्टेंबर २०२३ रोजी मुंबई विमानतळावर मुसळधार पावसात विशाखापट्टणमहून आलेले एक लिअरजेट उतरताना धावपट्टीबाहेर गेले, मोडले आणि पेटले. त्यातील आठही जण वाचले. ‘सुदैवाने’ हा शब्द पुन्हा एकदा कामी आला. सुदैवाच्या आश्रयाने प्रश्न झाकला गेला. २८ जानेवारी २०२६ च्या सकाळी त्याच बनावटीचे एक विमान बारामतीला उतरण्याच्या दुसऱ्या प्रयत्नात धावपट्टीलगत कोसळले आणि उपमुख्यमंत्री अजित पवार यांच्यासह पाच जणांचा मृत्यू झाला. तो अपघात घसरण्याचा नव्हता. परंतु धूसर दृश्यमानता, उतरण्यासाठी अचूक मार्गदर्शन करणाऱ्या यंत्रणेचा अभाव आणि नियमित हवाई नियंत्रणाविना चालणारा तळ ही परिस्थिती महाराष्ट्रातील बहुसंख्य छोट्या धावपट्ट्यांची रोजची परिस्थिती आहे. राज्याचा उपमुख्यमंत्री गमावल्यानंतर जी चर्चा झाली, ती आधीच्या डझनभर ‘किरकोळ’ घटनांनंतर का झाली नाही, हा प्रश्न पक्षभेद विसरून विचारला गेला पाहिजे.

६ मे २०२१ चा ग्वाल्हेरचा प्रसंग या अनास्थेचा नमुना आहे. करोनाच्या ऐन लाटेत रेमडेसिव्हिरची खेप घेऊन आलेले मध्य प्रदेश सरकारचे छोटे विमान उतरताना, लढाऊ विमानांना अडवण्यासाठी उभ्या केलेल्या जाळीच्या अडथळ्यावर आदळले. अडथळा वर असल्याची कल्पना आपल्याला दिली गेली नाही, असे वैमानिकाचे म्हणणे होते. पुढे काय झाले? वैमानिकाचा परवाना वर्षभरासाठी निलंबित झाला आणि सरकारने त्याच्याकडून पंच्याऐंशी कोटी रुपये मागितले. वैमानिकाची चूक असेल, नसेल. परंतु एका पगारदार माणसाकडे पंच्याऐंशी कोटींची मागणी करणारे सरकार अपघात टाळू इच्छिते, की खापर फोडण्यासाठी डोके शोधते?

महाराष्ट्रातील धावपट्ट्यांची कहाणी याहून वेगळी नाही. २००९ मध्ये नांदेड, लातूर, बारामती, यवतमाळ आणि तेव्हाचे उस्मानाबाद ही पाच विमानतळे पंच्याण्णव वर्षांच्या भाडेपट्ट्याने एका खासगी समूहाच्या हाती सोपवण्यात आली. विकासाची स्वप्ने रंगवली गेली. ती फळाला आली नाहीत, आणि अखेर हे तळ परत घेण्याची खटपट राज्याला करावी लागली. धावपट्टी ही मोकळी जमीन नव्हे. ती रोज झाडावी लागते, तिच्या कडेचे खड्डे बुजवावे लागतात, टोकापलीकडची पट्टी सपाट व मोकळी राखावी लागते, वाऱ्याची दिशा दाखवणारा कापडी मोजा फाटला तर बदलावा लागतो, कुत्री आणि गुरे आत येऊ नयेत म्हणून कुंपण धड ठेवावे लागते. आंतरराष्ट्रीय मानकांनुसार मोठ्या धावपट्टीच्या पट्ट्यापलीकडे किमान नव्वद मीटरचे सुरक्षित क्षेत्र असलेच पाहिजे. शिफारस तर दोनशे चाळीस मीटरची आहे. चुकलेल्या वैमानिकालाही जिवंत घरी पाठवणारी ही जागा आहे. तिला ‘वाया गेलेली जमीन’ समजणाऱ्याला विमानतळ चालवण्याचा अधिकार नाही.

पालकांची परीक्षा

आता प्रश्न घराच्या उंबरठ्यावर येतो. धायरी, नांदेड फाटा, वडगाव, कोथरूड येथील किती तरी मध्यमवर्गीय घरांतून आज मुलगा वा मुलगी वैमानिक होण्याचे स्वप्न पाहत आहे. ही अभिमानाची गोष्ट आहे. व्यावसायिक परवान्यासाठी दोनशे तासांचे उड्डाण लागते, आणि त्याचा खर्च घर गहाण ठेवावे लागेल इतका असतो. परंतु सदनिका घेताना नळाची तोटी फिरवून पाहणारा, लग्न ठरवताना सात पिढ्यांची चौकशी करणारा पालक प्रशिक्षण संस्थेत गेला की फक्त दोन प्रश्न विचारतो : शुल्क किती, आणि नोकरी केव्हा?

ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामती परिसरात एकाच संस्थेची दोन प्रशिक्षण विमाने चार दिवसांत कोसळली आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला त्या संस्थेचे काम थांबवावे लागले. २०२५ मध्ये याच महासंचालनालयाने देशातील उड्डाण प्रशिक्षण संस्थांची पहिली क्रमवारी जाहीर केली. पस्तीस संस्थांपैकी सर्वोच्च दोन श्रेणींत एकही संस्था बसली नाही; तेरा ‘ब’ श्रेणीत, बावीस ‘क’ श्रेणीत. ज्या देशाने चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ हळुवारपणे यान उतरवले, त्या देशात दोन आसनी विमान धावपट्टीवर उतरवायला शिकवणारी एकही संस्था पहिल्या श्रेणीची नसावी, याची खंत वाटत नसेल तर चांद्रयानाचे पेढे वाटण्याचा अधिकारही उरत नाही.

तेव्हा पालकांनी आणखी काही प्रश्न विचारावेत. प्रशिक्षकाकडे एका दिवसात किती विद्यार्थी असतात? विमान दुरुस्तीला गेले तर ते तास कागदावर भरले जात नाहीत ना? किती वाऱ्यात एकट्याने उड्डाणास मनाई आहे? अग्निशमन बंब प्रत्येक उड्डाणाच्या वेळी सज्ज असतो का? आणि सर्वांत महत्त्वाचा : विद्यार्थ्याने फेरी मारून परत येण्याचा निर्णय घेतला, तर त्याला शाबासकी मिळते की वाढलेल्या उड्डाणवेळेचे बिल? ज्या संस्थेचे उत्तर शेवटचे असेल, तेथे मुलाला पाठवू नये.

करावयाचे काय?

पहिली गोष्ट भाषेची. अपघातांचे अहवाल इंग्रजीत निघतात आणि संकेतस्थळावर पडून राहतात. परंतु धावपट्टीवर झाडू मारणारा, बंब चालवणारा, फाटकावर उभा असलेला, आणि अपघात झाला तर सर्वांत आधी धावून जाणारा गोजुबावीचा किंवा धुळ्याजवळच्या गोंदूरचा गावकरी मराठी बोलतो. त्याला न कळणाऱ्या भाषेत सुरक्षा लिहून ठेवणे म्हणजे ती लपवून ठेवणे. महाराष्ट्रातील प्रत्येक अपघाताच्या अहवालाचा मराठी सारांश प्रत्येक तळावर आणि लगतच्या ग्रामपंचायतीत लागला पाहिजे. स्वभाषेचा आग्रह केवळ पाट्यांपुरता नसतो. तो जीव वाचवण्यापर्यंत गेला तरच सार्थ.

दुसरी गोष्ट स्वावलंबनाची. बंगळुरूच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेने ‘हंसा’ हे दोन आसनी प्रशिक्षण विमान घडवले. त्याच्या नव्या आवृत्तीने सप्टेंबर २०२१ मध्ये पहिले उड्डाण केले. ते मोठ्या संख्येने तळांवर यावे, त्याचे सुटे भाग येथेच मिळावेत आणि भाग नाही म्हणून जुन्याच भागावर दिवस काढण्याची पाळी कोणत्याही संस्थेवर येऊ नये. स्वदेशी म्हणजे घोषणा नव्हे. वेळेवर मिळालेला ब्रेकचा पॅड म्हणजे स्वदेशी.

तिसरी गोष्ट संस्काराची. हडपसरच्या ग्लायडिंग केंद्राने अनेक पुणेकरांना आकाशाची ओळख करून दिली. ग्लायडरला इंजिन नसते. फेरी मारून परत येण्याची सोय त्याला नाही. म्हणून ग्लायडरवर शिकणारा पहिल्या दिवसापासून उंची आणि वेग यांचा हिशेब कंजूष वाण्यासारखा ठेवतो. अशी स्वस्त, काटेकोर, शिस्तीची शाळा प्रत्येक विभागात असावी, आणि तिच्यासाठी जागा राखावी. विमानतळाच्या जमिनींवर डोळा ठेवणाऱ्या बिल्डरांपासून ती वाचवण्याचे काम समाजाचे आहे.

काही जण म्हणतील, एवढा खटाटोप कशासाठी? छोट्या विमानात माणसे ती किती! एक प्रशिक्षक, एक विद्यार्थी. त्यांना नवले पुलाचा उतार दाखवावा. तिथेही प्रत्येक वेळी माणसे ‘थोडीच’ मरत होती. थोडी थोडी करून किती झाली, हे धायरीला ठाऊक आहे. ज्या समाजाला दोन जीव थोडे वाटतात, त्याला दोनशेही एके दिवशी थोडेच वाटू लागतात.

संध्याकाळी सिंहगडामागे सूर्य उतरतो. पायथ्याच्या वस्तीत तेव्हा कोणी मुलगी उड्डाणशास्त्राचे पुस्तक उघडून बसलेली असते, आणि भिंतीवर तानाजीचे चित्र असते. तिला त्या गडाची गोष्ट अवश्य सांगावी, परंतु पूर्ण सांगावी. कापलेल्या दोरांपाशी ती संपवू नये. पाच वर्षे आधी तोच गड शांतपणे सोडून देणारा, आणि तरीही अखेर जिंकणारा राजा तिला सांगावा. म्हणजे एखाद्या पावसाळी सकाळी, धावपट्टी समोर असताना आणि सारे जग ‘उतर’ म्हणत असताना, तिचा हात न कापता लीव्हर पुढे ढकलील, विमान पुन्हा वर जाईल, आणि दहा मिनिटांनी ती सुखरूप जमिनीवर येईल. त्या दिवशी वृत्तपत्रांत काहीच छापून येणार नाही, आणि तोच विजय असेल.